एक संगणक, अनेक विद्यार्थी : सामायिक वापराची न्याय्य व्यवस्था

धर्मग्रामाच्या शाळेला किंवा रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला एखाद्या कुटुंबाकडून, पतपेढीकडून वा परदेशस्थ नातलगांकडून संगणक भेट मिळतो, तेव्हा सर्वांनाच आनंद होतो. धर्मगुरू यंत्राला आशीर्वाद देतात, छायाचित्र काढले जाते, देणगीदारांचे आभार मानले जातात. पुढच्या सोमवारी मात्र शिक्षिकेसमोर एक साधा प्रश्न उभा राहतो : संगणक एक आणि मुले चाळीस. आता करायचे काय?

शहरांतील मोठ्या शाळांत आज स्वतंत्र संगणक-कक्ष आहेत. परंतु वाड्या-पाड्यांवरील शाळा, मिशन केंद्रांतील वसतिगृहे, धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी चालणारे अभ्यासवर्ग यांच्या वाट्याला बहुधा एखाददुसराच संगणक येतो. आणि तोही पुष्कळदा कुठल्यातरी कार्यालयात काही वर्षे राबून आलेला असतो. घरोघरी मोबाईल पोहोचला असला तरी या यंत्राची गरज संपलेली नाही. मोबाईलवर पाहता येते, ऐकता येते. पण दोन पानांचा निबंध टंकित करणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, केलेले काम नीट नाव देऊन जपून ठेवणे, या गोष्टी कळफलकासमोर बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. पुढे महाविद्यालयात आणि नोकरीत नेमके हेच कौशल्य मागितले जाते.

असा एकच संगणक अनेक मुलांना न्याय्य रीतीने कसा वापरता येईल, याची व्यवस्था पायरीपायरीने समजावून देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

माऊस कोणाच्या हाती?

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. एका संगणकासमोर सात-आठ मुले बसवली की थोड्याच वेळात एक गोष्ट दिसू लागते. माऊस एकाच मुलाच्या हाती राहतो. हा मुलगा बहुधा वर्गातला हुशार किंवा वयाने मोठा असतो, अथवा ज्याच्या घरी संगणक आहे असा असतो. उरलेली मुले खांद्यावरून डोकावत राहतात; मागच्या रांगेतल्या मुलींना तर पडदाही धड दिसत नाही.

बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी भारतातील ग्रामीण शाळांत हेच चित्र पाहिले. उदय सिंग पवार, जॉयोजीत पाल आणि केंटारो तोयामा यांनी २००६ मध्ये त्यावर एक उपाय मांडला. एकाच संगणकाला अनेक माऊस जोडायचे आणि प्रत्येक मुलाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण द्यायचा. नंतरच्या चाचण्यांत त्यांनी दोन पद्धती तपासल्या. एका पद्धतीत जो आधी बटण दाबेल त्याचे उत्तर ग्राह्य धरले जाई. दुसऱ्या पद्धतीत सर्वांनी उत्तर दिल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. काही रचनांमध्ये सामायिक संगणकावर शिकलेल्या मुलांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता स्वतंत्र संगणक मिळालेल्या मुलांच्या बरोबरीची आढळली.

यातून आपण घ्यायचा बोध असा की, यंत्र एक असणे हा मुलांच्या शिकण्यातला खरा अडसर नव्हे. यंत्राभोवतीची व्यवस्था कशी आहे यावर सारे अवलंबून असते. सामायिक वस्तू आपोआप सर्वांची होत नाही. व्यवस्था लावली नाही, तर ती बलवानाची होते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हा अनुभव आलाच होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात श्रद्धावंतांचे सर्व काही सामायिक होते, असे आपण वाचतो. पण त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार नोंदलेली आहे. त्यावर प्रेषितांनी केवळ उपदेश करून विषय संपवला नाही. त्यांनी सात जणांची निवड करवून घेतली आणि वाटपाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. सद्भावना होतीच, तिला व्यवस्थेची जोड दिली गेली. वर्गातील संगणकाबाबतही हाच मार्ग उपयोगी पडतो.

पहिली पायरी : खात्यांची रचना

संगणक सुरू करताच थेट काम करता यावे, पासवर्ड नसावा, सर्वांनी एकच खाते वापरावे, ही पद्धत सोपी वाटते. तिचे परिणाम मात्र लवकरच दिसतात. कालच्या गटाने लिहिलेला निबंध आजचा गट नकळत पुसून टाकतो. कोणीतरी पडद्यावरील चित्र बदलतो, कोणी एखादा खेळ उतरवून घेतो आणि त्यासोबत विषाणूही येतो. दोष कोणाचा हे कळत नाही, म्हणून साऱ्या वर्गालाच बोलणी खावी लागतात.

यासाठी प्रत्येक संगणकप्रणालीत अनेक वापरकर्त्यांची सोय असते. खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिले ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे, म्हणजे व्यवस्थापकाचे खाते. नवे प्रोग्रॅम बसविणे, दुसऱ्यांचे पासवर्ड बदलणे, खाती काढणे वा घालणे हे सारे अधिकार त्याला असतात. दुसरे ‘स्टँडर्ड’ म्हणजे सर्वसाधारण खाते. त्यातून लिहिता येते, चित्र काढता येते, आपले काम जपून ठेवता येते; परंतु संगणकाच्या मूळ रचनेला हात लावता येत नाही. मुलांची सर्व खाती, आणि शिक्षिकेचे रोजच्या वापराचे खातेसुद्धा, दुसऱ्या प्रकारचेच असावे. व्यवस्थापकाचे खाते केवळ देखभालीच्या वेळी उघडावे. त्याचा पासवर्ड निदान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा आणि बंद लिफाफ्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवलेला असावा. ज्या एका शिक्षकाला पासवर्ड माहीत होता त्यांची बदली झाली आणि संगणक तसाच पडून राहिला, असे प्रसंग टाळण्याचा हा सोपा उपाय आहे.

विंडोज प्रणालीत ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ या विभागात नवी खाती उघडता येतात. तेथे प्रथम ई-मेल पत्ता मागितला जातो. तो न देता केवळ त्या संगणकापुरते स्थानिक खाते उघडण्याचा पर्यायही तेथेच असतो. शाळकरी मुलांसाठी हाच पर्याय निवडावा. लहान मुलांच्या नावे ई-मेल पत्ते काढत बसण्याची काहीच आवश्यकता नाही.

खाते प्रत्येक मुलाचे असावे की गटाचे? आमच्या मते याचे उत्तर वयावर व संख्येवर अवलंबून ठेवावे. प्रत्येक खाते संगणकात आपापली जागा व्यापते. शिवाय अर्ध्या तासात चार मुलांनी चार वेळा आत-बाहेर करायचे म्हटले, तर जुन्या यंत्रावर निम्मा वेळ वाट पाहण्यातच जाईल. म्हणून चाळीस मुलांच्या वर्गासाठी चार-चार जणांचे दहा गट करावेत, दहा गट-खाती उघडावीत आणि प्रत्येक खात्यात चार मुलांच्या नावांचे चार फोल्डर ठेवावेत. नववी-दहावीच्या, एकेकट्याने प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांना मात्र शक्य तेथे स्वतंत्र खाती द्यावीत. गटांना नावे देताना ‘हुशार’, ‘मध्यम’ अशी प्रतवारी नसावी. झाडांची, नद्यांची वा संतांची नावे द्यावीत.

पासवर्ड इंग्रजी अक्षरांत व अंकांतच ठेवावा. संगणक सुरू होताना कळफलक मराठीत असेलच असे नाही. मराठी पासवर्ड ठेवलेली मुले दाराबाहेरच अडकून पडतात. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू नये, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक सवय पहिल्याच दिवशी लावावी. काम संपल्यावर खात्यातून पूर्णपणे बाहेर पडायचे, म्हणजे ‘साइन आउट’ करायचे. ‘स्विच यूजर’ या सोयीने दुसऱ्याला आत येता येते खरे. पण पहिल्या गटाचे सर्व काम पार्श्वभूमीत उघडेच राहते. त्यामुळे संगणक मंदावतो, आणि कोणी यंत्र बंद केले तर जतन न केलेले काम नाहीसे होते.

कपाट, ग्रंथालय आणि पेटी

खाती झाली की मुलांचे काम कोठे ठेवायचे हे ठरवावे लागते. शाळेतील नेहमीच्या वस्तूंच्या आधारे ही मांडणी मुलांना चटकन समजते. प्रत्येक गटाच्या खात्यातील ‘डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर म्हणजे त्यांचे कुलूपबंद कपाट. दुसरा फोल्डर शिक्षिकेने भरलेले ग्रंथालय. त्यातील पाठ, चित्रे, सराव-प्रश्न सर्वांनी वाचावेत, पण कोणी बदलू नयेत. तिसरा फोल्डर पूर्ण झालेले काम जमा करण्याची पेटी.

विंडोजमध्ये ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर सर्व खात्यांना खुला असतो. तो जमा-पेटी म्हणून वापरता येईल. परंतु तेथील फाईल कोणीही बदलू वा पुसू शकतो असे समजूनच चालावे. म्हणून मुलांनी तेथे आपल्या कामाची प्रत ठेवावी, मूळ काम आपल्या कपाटातच राहू द्यावे. आणि शिक्षिकेने रोज संध्याकाळी पेटीतील फाईली आपल्या खात्यात हलवाव्यात. ग्रंथालयाच्या फोल्डरवर मुलांना केवळ वाचनाची परवानगी राहील, अशी व्यवस्था त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या भागातून करता येते.

सर्व मांडणी झाल्यावर एक चाचणी अवश्य घ्यावी. एका गटाच्या खात्यातून दुसऱ्या गटाचे कपाट उघडते का, हे पाहावे. ते उघडता कामा नये. ही चाचणी अनावश्यक वाटेल, पण ती तशी नाही. उदाहरणार्थ, उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीत एप्रिल २०२१ च्या आवृत्तीपूर्वी एका वापरकर्त्याच्या फाईली दुसऱ्याला सहज वाचता येत असत. त्या आवृत्तीपासून प्रत्येकाचे कपाट मुळातच बंद ठेवले जाऊ लागले. जुनी आवृत्ती असलेल्या यंत्रावर हे कुलूप आपणच लावावे लागते.

मराठीची सोय

आपल्या शाळांत ही बाब अनेकदा विसरली जाते. कळफलकाची भाषा ही प्रत्येक खात्याची स्वतंत्र निवड असते. व्यवस्थापकाच्या खात्यात मराठी बसविली म्हणजे मुलांच्या खात्यांत ती आपोआप आली, असे होत नाही. विंडोजमध्ये आपल्या खात्यातील भाषेची मांडणी नव्या खात्यांना लागू करण्याची सोय आहे. तिचा उपयोग मुलांची खाती उघडण्यापूर्वीच करून घ्यावा.

मराठी टंकनासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही भारत सरकारने प्रमाण मानलेली मांडणी शिकवावी. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, अशी तिची साधी रचना आहे. ती एकदा शिकली की इतर भारतीय लिप्यांतही तीच उपयोगी पडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाईली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. अनेक धर्मग्रामांची जुनी गीतपत्रके आणि कार्यक्रमपत्रिका अशाच अडकून पडल्या आहेत. मुलांनी आरंभापासून युनिकोडमध्येच लिहावे.

तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांतील आदिवासी मुलांच्या घरी वारली व अन्य बोली बोलल्या जातात. शाळेतील प्रमाण मराठी हीच त्यांच्यासाठी शिकण्याची भाषा असते. त्यात इंग्रजी पडद्याची भर पडली की दुहेरी भिंत उभी राहते. देवनागरी कळफलक आणि शक्य असेल तर मराठी पडदा दिल्यास त्यातली एक भिंत तरी खाली येते.

वेळेची वाटणी

आता गणिताकडे वळू या. चाळीस मुलांना आठवड्यातून पस्तीस मिनिटांची एकच तासिका दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. म्हणून केवळ तासिकेवर विसंबून भागत नाही. शाळा सुटल्यावर सोमवार ते शुक्रवार रोज एक तास संगणक खुला ठेवला, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दहा पाळ्या होतात. दहा गटांना दर आठवड्याला एकेक पाळी मिळते. आत-बाहेर करण्याची दोन मिनिटे सोडली तर गटातील चौघांपैकी प्रत्येकाला सात-सात मिनिटे कळफलक व माऊस मिळतो. सात मिनिटे थोडी वाटतील. पण हक्काची सात मिनिटे आणि मागच्या रांगेतून पाहिलेला अर्धा तास यांत फार अंतर आहे.

ज्याची पाळी नाही त्यालाही काम असावे. एकाने टंकन करावे, दुसऱ्याने मजकूर वाचून दाखवावा, तिसऱ्याने शुद्धलेखन तपासावे, चौथ्याने वेळ पाहावी आणि काय केले याची वहीत नोंद करावी. सात मिनिटांनी सर्वांनी जागा बदलाव्यात. एकच नियम कसोशीने पाळावा : ज्याच्या हाती माऊस आहे त्याच्या हातून तो कोणी हिसकावून घेऊ नये, मदत करायची ती तोंडाने सांगून करावी. शिक्षकांनीही हा नियम स्वतःला लावून घ्यावा.

पाळीपत्रक भिंतीवर लावावे. सुट्टी आली, वीज गेली वा सणाचा दिवस मध्ये आला, तर बुडालेली पाळी भरून द्यावी. शाळा सुटल्यावर दूरच्या पाड्यावर पायी जाणाऱ्या मुलांना वा घरी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना संध्याकाळची वेळ जमत नाही. त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीतील वा सकाळची पाळी राखून ठेवावी. उपेक्षा बहुतेक वेळा अशा छोट्या अडचणींतूनच होते आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

एका पेटीला अनेक आसने

एकाच संगणकाला दोन-तीन मॉनिटर, कळफलक व माऊस जोडून तितक्याच मुलांना एकाच वेळी स्वतंत्रपणे बसविता येईल का, असे आम्हाला विचारले जाते. येते, आणि या कल्पनेला मोठा इतिहास आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने एका सामर्थ्यवान संगणकाच्या बळावर वर्गातील अनेक साधी यंत्रे चालविण्याची पद्धत मुक्त स्वरूपात उपलब्ध करून दिली. ब्राझीलमधील सार्वजनिक शाळांसाठी २००९ मध्ये अशा साडेतीन लाखांहून अधिक आसनांची योजना जाहीर झाली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील शाळांतही एका संगणकावर अनेक विद्यार्थी बसविण्याची रचना त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. मायक्रोसॉफ्टनेही २०१० मध्ये वर्गांसाठी ‘मल्टिपॉइंट सर्व्हर’ ही प्रणाली आणली होती. पुढे ती स्वतंत्र उत्पादन म्हणून बंद झाली आणि २०१९ च्या विंडोज सर्व्हरमधून ती सोयही काढून टाकण्यात आली.

आज नित्याच्या विंडोज प्रणालीत एका यंत्रासमोर एका वेळी एकच वापरकर्ता बसू शकतो. लिनक्समध्ये मात्र अनेक आसनांची सोय अंगभूत आहे. त्यासाठी प्रत्येक आसनाला वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि कळफलक-माऊससाठी यूएसबी जोडणी लागते. हे काम जाणकाराच्या मदतीनेच करावे. तसेच एक मर्यादा लक्षात ठेवावी : पेटी एक असल्याने ती बिघडली की सगळीच आसने एकदम बंद पडतात. म्हणून प्रथम खाती, फोल्डर व पाळ्या यांची घडी बसवावी, आणि ती अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्या आसनाचा विचार करावा.

दानात आलेला जुना संगणक

दान स्वीकारताना यंत्राचे वय व प्रणाली जरूर पाहावी. विंडोज ७ ची सुरक्षा-सुधारणा जानेवारी २०२० मध्ये थांबली, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. अशी यंत्रे टाकाऊ मात्र नव्हेत. त्यांत जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली, स्मृती ८ जीबीपर्यंत वाढविली आणि लिनक्सची एखादी आवृत्ती घातली, तर ती आणखी काही वर्षे वर्गाला चांगली सेवा देतात. उबुंटूच्या एप्रिल २०२४ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत.

केरळमधील सरकारी व अनुदानित शाळांत मुक्त प्रणालीचा वापर अनेक वर्षांपासून होत आहे, आणि २०१८ पासून तेथे ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांची संगणक-मंडळे चालविली जातात. आपल्याकडेही मोठ्या इयत्तेतील दोन मुले व दोन मुली यांना संगणक-सेवक नेमून लहान देखभाल शिकवता येईल. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ उपयुक्त आहेत. लिनक्स व लिबरऑफिससारख्या विषयांवरील अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही ते चालतात.

जपणूक आणि राखीव प्रत

आपल्या किनारपट्टीवर दमट हवा, पावसाळ्यातील गळती आणि अचानक जाणारी वीज हे संगणकाचे तीन शत्रू आहेत. यंत्र जमिनीवर न ठेवता टेबलावर, खिडकीपासून दूर ठेवावे. विजेच्या जोडणीला योग्य अर्थिंग असावे. यूपीएसला चैनीची वस्तू मानू नये; वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यास पुरेसा अवधी तो देतो. मे महिन्याच्या सुट्टीत संगणक झाकून ठेवला तरी पावसाळ्यात तो आठवड्यातून एक-दोनदा सुरू करावा, म्हणजे आतील ओल धरत नाही.

मुलांच्या कामाची राखीव प्रत दर शुक्रवारी बाह्य डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकाच्या खोलीत न ठेवता दुसरीकडे, उदाहरणार्थ धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये. एका मुलाचा वर्षभराचा प्रकल्प नष्ट झाला तर त्याची भरपाई कोणत्याही पैशाने होत नाही.

मुलांची खासगी माहिती

सामायिक संगणकावर एकाने मागे सोडलेली गोष्ट दुसऱ्याच्या नजरेस पडते. ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवण्याची विचारणा केली तर नकार द्यावा, हे प्रत्येक मुलाला शिकवावे. मुलांची छायाचित्रे, गुणपत्रके, आधार क्रमांक, जातीचे दाखले, बाप्तिस्म्याचे दाखले अशी कागदपत्रे वर्गाच्या संगणकावर मुळीच ठेवू नयेत. ती कार्यालयाच्या संगणकावरच असावीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. शाळेने आपली पद्धत या तत्त्वाशी सुसंगत आहे ना, हे पाहिले पाहिजे.

संगणक ठेवण्याची जागाही सुरक्षिततेचाच भाग आहे. त्याचा पडदा खोलीच्या दाराकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा असावा. मूल एकटे, बंद दाराआड संगणकासमोर बसलेले नसावे. कोणत्या गटाने केव्हा काम केले याची नोंदवही ठेवावी. संशय घेण्यासाठी नव्हे, तर काही घडले तर निरपराध मुलावर आळ येऊ नये यासाठी ती आवश्यक आहे.

ख्रिस्तसभेची दृष्टी

सामाजिक संपर्कमाध्यमांसाठीच्या परमधर्मपीठीय परिषदेने २२ फेब्रुवारी २००२ ही तारीख असलेले इंटरनेटविषयीचे दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांपैकी नीतिमूल्यांविषयीच्या दस्तऐवजात ‘डिजिटल दरी’चा, म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचा लाभ मिळणारे व त्यापासून वंचित राहणारे यांच्यातील अंतराचा, गंभीरपणे विचार केलेला आहे. आपण ही दरी देशादेशांत, शहर व खेड्यांत आहे असे मानतो. पण ती एकाच वर्गात, एकाच संगणकासमोर, पहिल्या व मागच्या रांगेच्या मध्येही असू शकते. ती बुजविण्यासाठी मोठा निधी लागत नाही.

पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित केलेले कार्लो अक्युटिस हे आपल्या मुलांना संगणकाचे संत म्हणून परिचित आहेत. १९९१ मध्ये जन्मलेल्या आणि २००६ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेल्या या किशोराने ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती संगणकाच्या साहाय्याने जगापुढे मांडली. त्यांचे चित्र वर्गात लावण्याची इच्छा अनेकांना होते, ती स्तुत्यच आहे. मात्र त्या चित्राखालच्या संगणकावर प्रत्येक मुलाला आपली पाळी मिळते ना, हेही पाहिले पाहिजे.

धर्मग्रामस्थांना आमची विनंती अशी आहे. संगणक दान करताना त्यासोबत यूपीएस आणि राखीव प्रतीसाठी बाह्य डिस्कही द्यावी; या दोन वस्तूंसाठी सहसा कोणी देणगी देत नाही. आपल्या कुटुंबांतील अनेक युवक-युवती संगणकक्षेत्रात नोकरी करतात. त्यांनी महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर दोन तास शाळेला दिले, तर खाती उघडणे, प्रणाली अद्ययावत करणे, राखीव प्रत तपासणे ही कामे सहज होतील. पालक-शिक्षक सभेत संगणकाचा विषय निघेल तेव्हा शाळेकडे किती संगणक आहेत हे तर विचारावेच. पण गेल्या आठवड्यात किती मुलांनी स्वतःच्या हाताने त्यावर काम केले, हेही विचारावे. नोंदवही नीट ठेवलेली असेल तर या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळेल, आणि कोणाचे नाव त्यात राहून गेले आहे हेही कळेल.